शाळा चालते ती पटावर

मराठवाड्यातील जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकाला वर्षातील सर्वात महत्त्वाची तारीख कोणती असे विचारले, तर तो १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारी सांगणार नाही. तो ३० सप्टेंबर सांगेल. त्या दिवशी शाळेच्या पटावर जितकी मुले असतील, त्यांच्या संख्येवर शाळेला किती शिक्षक मंजूर होणार, हे ठरते. लातूर जिल्ह्यात ३० सप्टेंबरला दुसराही एक अर्थ आहे. १९९३ साली याच दिवशी पहाटे किल्लारीच्या भूकंपाने गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. योगायोग एवढाच, की जिथे गेलेल्यांचे स्मरण होते, तिथल्याच शाळांत त्याच दिवशी असलेल्यांची मोजदाद चाललेली असते.

शहरातील वाचकाचा जिल्हा परिषदेच्या शाळेशी संबंध बहुधा बातमीपुरता येतो. छत गळते, शिक्षक नाही, पोषण आहाराच्या तांदळात अळ्या निघाल्या, पालकांनी शाळेला कुलूप ठोकले, अशा त्या बातम्या. या शाळांवर देखरेख नेमकी कोण करतो, कशी करतो आणि त्या देखरेखीतून काय निष्पन्न होते, हे मात्र बातमीत मावत नाही. नांदेड आणि लातूर या दोन शेजारी जिल्ह्यांच्या आधारे ते पाहता येईल.

जुन्या पिढीतील पुणे-साताऱ्याकडच्या माणसांच्या तोंडी अजूनही ‘स्कूल बोर्ड’ हा शब्द येतो. मुंबई इलाख्यात प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा स्कूल बोर्डांकडे असे; १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने त्यांना आणि नगरपालिकांच्या शिक्षण मंडळांना नवे रूप दिले. विदर्भात जनपद सभा होत्या. मराठवाड्याचे तसे नव्हते. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे शाळा म्हणजे सरकारचे खाते, आणि राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. लोकांनी निवडून दिलेल्या मंडळाने गावची शाळा चालवावी, ही कल्पनाच इथे परकी होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीनंतर झालेल्या १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ रोजी राज्यभर जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. तेव्हा कुठे नांदेडच्या शाळा नांदेडच्या प्रतिनिधींच्या हाती आल्या. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो ऑगस्ट १९८२ मध्ये.

या वेगळ्या इतिहासाची एक खूण आजही दिसते. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने खासगी संस्थांनी उभे केले. जिल्हा परिषदेचे काम बहुतांशी सातवीपर्यंतच राहिले. मराठवाड्यात मात्र संस्थानी सरकारची हायस्कुले जिल्हा परिषदांकडे वर्ग झाली. म्हणून इथे तालुक्याच्या गावी ‘जिल्हा परिषद प्रशाला’ अशी पाटी भेटते आणि तिथे दहावीपर्यंतचे वर्ग भरतात. ‘प्रशाला’ हा भारदस्त शब्द इथल्या माणसाच्या बोलण्यात सहज येतो. मराठवाड्यातील अनेक डॉक्टर, वकील आणि अधिकारी याच प्रशालांतून शिकून बाहेर पडले, हे सांगताना ते आपली मुले तिथे का घालत नाहीत, हा प्रश्न मात्र सहसा टाळला जातो.

कारभाराची उतरंड अशी. जिल्हा परिषदेत शिक्षण समिती ही एक विषय समिती असते. निवडून आलेले सदस्य तिच्यात असतात, सभापती तिचे अध्यक्षपद भूषवतात आणि शिक्षणाधिकारी तिचे सचिव असतात. प्राथमिकचे आणि माध्यमिकचे शिक्षणाधिकारी वेगवेगळे. सर्वांच्या वर मुख्य कार्यकारी अधिकारी. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली विस्तार अधिकारी आणि त्यांच्याही खाली केंद्रप्रमुख. नांदेडला १६ तालुके, लातूरला १०. दोन्ही जिल्हे महसुलाच्या दृष्टीने छत्रपती संभाजीनगर विभागात मोडतात. पण शिक्षण उपसंचालकांचे कार्यालय आणि दहावी-बारावीच्या परीक्षा घेणारे विभागीय मंडळ लातूरला आहे. त्यामुळे नांदेडच्या शाळेचा कागद एका कामासाठी संभाजीनगरला जातो आणि दुसऱ्या कामासाठी लातूरला.

या सगळ्यांत प्रत्यक्ष शाळेत पाऊल ठेवतो तो केंद्रप्रमुख. हे पद १९९४ नंतर निर्माण झाले. साधारण दहा शाळांचे एक केंद्र, राज्यभरात मिळून ४ हजार ८६० केंद्रे, अशी ती योजना होती. केंद्रप्रमुखाने आपल्या शाळांना नियमित भेटी द्याव्यात, वर्गात बसून पाठ पाहावा, नवख्या शिक्षकाला मदत करावी, महिन्यातून एकदा केंद्रातील सर्व शिक्षकांची शिक्षण परिषद घ्यावी, अशी अपेक्षा. तपासनीसापेक्षा तो मार्गदर्शक असावा, हा हेतू. प्रत्यक्षात काय घडते, ते त्याच्या एका भेटीत पाहता येते.

तो येतो तेव्हा परिपाठ संपत आलेला असतो. आधी शिक्षक हजेरी पाहिली जाते, मग विद्यार्थी हजेरी. डोकी मोजली जातात. हजेरीपत्रकातील आकडा आणि वर्गातील आकडा जुळतो का, ते पाहिले जाते. मग पोषण आहाराची नोंदवही. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम, हा हिशेब ठरलेला. लहान वर्गात ४० मुले हजर असतील तर चार किलो तांदूळ शिजायला हवा. कोठीतील शिल्लक आणि वहीतील शिल्लक यांत तफावत निघाली, तर खुलासा द्यावा लागतो. खिचडी मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने आणि एखाद्या पालकाने ती खाऊन पाहायची आणि तशी नोंद करायची, त्यासाठी चव रजिस्टर असते. शिजवणारी बाई बहुधा गावातलीच, मानधनावर राबणारी. त्यानंतर स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचे इतिवृत्त, शिक्षकांचे टाचण. एवढे होईपर्यंत मधली सुट्टी होते. शेवटी एखाद्या मुलाला उभे करून उतारा वाचायला सांगितला जातो, हातच्याची एक वजाबाकी फळ्यावर दिली जाते आणि शेरेबहीत चार ओळी लिहिल्या जातात. वाचन आणि वजाबाकी हेच खरे तर भेटीचे कारण असायला हवे. पण तपासायच्या कागदांची यादी दर वर्षी वाढत गेली आणि वाचनाला उरलेला वेळ तेवढाच घटत गेला. त्यातच केंद्रप्रमुखांची पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली. मग एखाद्या पदवीधर शिक्षकाकडेच कार्यभार सोपवला जातो; म्हणजे तो आपला वर्ग सोडून दुसऱ्यांचे वर्ग पाहायला जातो.

शाळेच्या कपाटातील सर्वात मौल्यवान वस्तू म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर. मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, कुठून आला, कधी गेला, ही त्यातील नोंद पुढे आयुष्यभर पुरावा म्हणून चालते. एरवी त्याकडे कोणाचे लक्ष नसते. २०२३ मध्ये मात्र मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील शाळांची जुनी रजिस्टरे एकाएकी चर्चेत आली. वाळवी लागलेली, उर्दूतील, काही मोडीतील पाने उलगडून वाचण्यासाठी जाणकार शोधावे लागले. कोण्या अनामिक शिक्षकाने शंभर वर्षांपूर्वी बोरूने केलेली नोंद आज एखाद्या कुटुंबाचे भवितव्य ठरवू शकते, हे त्या निमित्ताने सर्वांना उमगले. शाळा तपासणीत ‘अभिलेखे सुस्थितीत आहेत’ असा ठरीव शेरा असतो. तो किती ठिकाणी खरा होता, हेही तेव्हा कळून आले.

शिक्षण समितीची सभा सहसा महिन्यातून एकदा होते. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, अनुपालन अहवाल वाचणे, नंतर आयत्या वेळचे विषय, हा क्रम ठरलेला. अमुक वाडीवर शिक्षक कधी देणार, तमुक शाळेची संरक्षक भिंत कधी होणार, हे प्रश्नही ठरलेले. या सभांना हसणे सोपे आहे. पण गावच्या माणसाचे गाऱ्हाणे अधिकाऱ्याच्या तोंडावर मांडले जाण्याची तीच एक जागा आहे आणि अनुपालन अहवालात उत्तर लेखी द्यावे लागते. मार्च २०२२ मध्ये नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्याने निवडणुका लांबल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ दोन्हीकडे प्रशासक राहिले. मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक. म्हणजे प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकच. निवडणुका घेण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिले. या काळात कामे थांबली असे नव्हे. काही तर अधिक वेगाने झाली. पण वाडीवरच्या पालकाला आपला सदस्य गाठून प्रश्न सभेत आणण्याचा मार्ग बंद होता आणि त्याची मोजदाद कुठल्याही नोंदवहीत नाही.

समितीसमोर येणाऱ्या विषयांत एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे निर्लेखन. मोडकळीस आलेली वर्गखोली पाडायची, तरी आधी ती कागदावरून कमी करावी लागते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, बांधकाम विभागाच्या अभियंत्याची पाहणी, ‘खोली वापरास धोकादायक’ असा दाखला, वरिष्ठांची मंजुरी, मग निघणाऱ्या साहित्याचा लिलाव, इतके सोपस्कार झाल्यावर खोली पाडता येते. तोवर ती उभीच असते आणि मुले व्हरांड्यात किंवा झाडाखाली बसतात. पाडलेल्या खोलीच्या जागी नवी मिळण्यासाठी जिल्हा नियोजन समिती किंवा समग्र शिक्षा यांच्या निधीची वाट पाहायची. मराठवाड्यात दगडी भिंतींच्या निजामकालीन शाळांची त्यात भर आहे. काही इमारती आजही नव्या बांधकामांना लाजवतील अशा भक्कम आहेत, काहींचे छत केव्हा येईल याचा नेम नाही. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षात, २०२३ मध्ये, त्यांच्या दुरुस्तीचा विषय राज्य शासनाच्या पातळीवर पुढे आला. भूकंपग्रस्त भागात चित्र निराळे. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले, त्यांच्यासोबत नव्या शाळाही उभ्या राहिल्या. त्या इमारतीही आता तिशीच्या आसपास पोहोचल्या आहेत.

शाळेच्या पातळीवर देखरेखीचा अधिकार पालकांनाही आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असे बंधन घातले. समितीने शाळेचा विकास आराखडा करावा, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवावे, ही कल्पना चांगली. पण समितीच्या हाती निर्णय किती राहू द्यायचे, हे मुंबईच ठरवते. गणवेशाचे उदाहरण ताजे आहे. गावातल्या समितीने मापे घेऊन गावातल्या शिंप्याकडून गणवेश शिवून घ्यायचे, ही पद्धत मोडून २०२४-२५ मध्ये राज्यभर एकाच प्रकारे कापड पुरवण्याचा आणि बचत गटांमार्फत शिवून घेण्याचा घाट घालण्यात आला. कुठे सदरा आला, विजार आली नाही. कुठे पाचवीच्या मुलाला दुसरीचे माप आले. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने ती योजना मागे घेऊन गणवेशाचे काम पुन्हा समित्यांकडे सोपवले. गावच्या शिंप्याला मुलांची मापे ठाऊक असतात, एवढीच गोष्ट कळायला एक शैक्षणिक वर्ष गेले.

पण या साऱ्या यंत्रणेचा कणा आहे तो पट. पटावरून शिक्षक ठरतात, पटावरून तांदूळ येतो, पटावरूनच शाळेचे संयुक्त अनुदान. समग्र शिक्षा योजनेच्या २०२१ नंतरच्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये, ३१ ते १०० पट असेल तर २५ हजार. खडू, झाडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, सगळे यातून. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० साठी तीन. म्हणजे साठाव्या आणि एकसष्टाव्या मुलामध्ये एका शिक्षकाचे अंतर आहे. पट फुगवण्याचा मोह कुठून येतो, हे यावरून समजावे.

तो मोह किती खोलवर गेला होता, हे उघडकीस आणण्याचा मान नांदेडकडे जातो. डॉ. श्रीकर परदेशी तेथे जिल्हाधिकारी असताना परीक्षेतील कॉपी रोखण्याची मोहीम ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून गाजली. त्याच काळात जिल्ह्यातील शाळांत प्रत्यक्ष डोकी मोजण्याची मोहीम झाली आणि पटावरील मुले व वर्गातील मुले यांत प्रचंड तफावत आढळली. जी मुले कुठेच नव्हती, त्यांच्या नावे शिक्षकांची पदे, तांदूळ आणि अनुदान वर्षानुवर्षे निघत होते. त्यानंतर राज्य शासनाने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस महाराष्ट्रभर पटपडताळणी केली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानाप्रमाणे शाई लावण्यात आली. पहिलीतल्या पोरांना त्या शाईचे भारी अप्रूप वाटले असणार. संस्थाचालकांना तितके वाटले नाही. ज्या शाळांत निम्म्याहून अधिक मुले गैरहजर आढळली, त्यांच्यावरील कारवाईचे प्रकरण पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले.

पटपडताळणीचा एक दूरगामी परिणाम असा, की यंत्रणेचा पटावरचा विश्वास उडाला आणि त्याची जागा संगणकाने घेतली. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक आहे. नांदेडच्या शाळांचा २७१५ ने सुरू होतो, लातूरच्या शाळांचा २७२८ ने. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे. २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद झाली, पुढे ती आधारशी जोडली गेली आणि संचमान्यतेसाठी आधार जुळलेली मुलेच धरण्याचा आग्रह सुरू झाला. खोटी नावे त्यामुळे गळाली, हे खरेच. पण खरी मुलेही अडकली. आधारवर ‘बालाजी’ आणि रजिस्टरात ‘बालाजीराव’, आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आणि रजिस्टरात १२ जून, तर जुळणी होत नाही. मूल समोर बसलेले असते, पाढे म्हणत असते. पण संगणकाच्या लेखी ते नसते. मग मुख्याध्यापक त्याच्या वडिलांना घेऊन तालुक्याच्या आधार केंद्रावर जातो आणि दोन शिक्षकी शाळेत त्या दिवशी चारही वर्ग एकाच शिक्षकाकडे असतात.

कमी पटाच्या शाळांचा प्रश्न याच वाटेने आला. २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा राज्यात सुमारे १५ हजार आहेत, असे २०२३ मध्ये पुढे आले. त्या वर्षी २१ सप्टेंबरच्या पत्रान्वये अशा शाळांऐवजी समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव जिल्हा परिषदांकडून मागवले गेले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील शाळांचा दाखला त्यासाठी देण्यात आला. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष कडक झाले. शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला. २५ सप्टेंबर २०२४ रोजी प्राथमिक शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन राज्यभर मोर्चे काढले.

शासनाची बाजू अगदीच टाकाऊ नाही. आठ मुले, चार इयत्ता आणि एक शिक्षक अशा शाळेत खेळाचा संघ होत नाही, गटात शिकणे होत नाही, शिक्षक रजेवर गेला की शाळाच रजेवर जाते. मोठ्या शाळेत नेआण करणारी गाडी रोज वेळेवर आली, तर मुलाचे कदाचित भलेच होईल. अडचण त्या ‘तर’ मध्ये आहे. किनवट किंवा माहूरच्या डोंगरातील वस्तीवरून, मुखेड किंवा जळकोटच्या तांड्यावरून पावसाळ्यात रोज गाडी धावेल, असे तिथल्या रस्त्यांवरून प्रवास केलेला माणूस म्हणणार नाही. आणि गाडी चुकली की आधी मुलीचे नाव गळते. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, हा नियम करणाऱ्यांनी हाच विचार केला असावा.

आता पुन्हा ३० सप्टेंबरकडे. ही तारीख मराठवाड्याच्या हंगामाशी विसंगत आहे. मुखेड, कंधार, लोहा आणि लातूरकडील जळकोट या भागांतून दर वर्षी ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे बिऱ्हाडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सप्टेंबरअखेर पटावर असलेली मुले नोव्हेंबरात फडात असतात. म्हणजे शिक्षकांची संख्या ठरते ती सप्टेंबरच्या गावावरून आणि शाळा चालते ती जानेवारीच्या गावात. नोंद खोटी नसते, मूलही खोटे नसते. पण देखरेखीच्या ज्या क्षणी सर्वांचे डोळे शाळेवर असतात, तो क्षण नेमका मूल गावात असण्याचा असतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे इथे जिल्हा परिषदेची, कर्तव्ये दिली आहेत. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे, त्याचा प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षण पूर्ण होणे यांवर लक्ष ठेवणे, शाळांच्या कामकाजाची देखरेख करणे; आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. त्यासाठी दोन उपाय रूढ झाले. एक, हंगामी वसतिगृह. आईवडील तोडीला गेले तरी मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे गावातच राहते, शाळेत येते आणि सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय शासनाच्या खर्चाने होते. दुसरा, शिक्षण हमी पत्रक. मूल आईवडिलांबरोबर गेलेच, तर त्याची इयत्ता आणि प्रगती लिहिलेले हे पत्रक घेऊन जावे आणि जिथे बिऱ्हाड पडेल तिथल्या शाळेने कोणताही दाखला न मागता त्याला वर्गात बसवावे.

पहिला उपाय वेळेवर अवलंबून आहे. वसतिगृहाचा प्रस्ताव व्यवस्थापन समितीच्या ठरावासह केंद्रातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला जातो. तिथे मंजुरी होऊन अनुदान यायचे असते. टोळ्या निघण्यापूर्वी मंजुरी आली, तर आई मुलाला मागे ठेवायला तयार होते. मंजुरी डिसेंबरात आली, तर मूल तोवर कोयत्याबरोबर गेलेले असते आणि वसतिगृह उरलेल्या मुलांसाठी चालते. दुसऱ्या उपायाची कथा अशी, की पत्रक देणारी शाळा नांदेड जिल्ह्यात असते आणि घेणारी सांगली किंवा कोल्हापुरात. दोन्ही शाळा एकाच राज्याच्या, पण दोन वेगळ्या जिल्हा परिषदांच्या. पत्रक दिल्याची नोंद इकडच्या केंद्रप्रमुखाच्या वहीत असते. मूल तिकडे पोहोचले का, हे पाहणे त्याच्या केंद्राच्या हद्दीबाहेरचे काम ठरते. टोळी कर्नाटकात गेली असेल तर शाळेची भाषाही बदलते आणि पत्रक खिशातच राहते.

मार्च-एप्रिलमध्ये बिऱ्हाडे परत येतात. वार्षिक परीक्षेच्या आधी काही दिवस वर्गातील गर्दी वाढते. सहा महिने न दिसलेली मुले मागच्या रांगेत येऊन बसतात. ज्यांची अक्षरे पक्की झाली होती, तीही चाचपडत वाचतात. शिक्षक त्यांची नावे हजेरीत पुन्हा चालू करतो. केंद्रप्रमुखाची त्या महिन्यातील भेट बहुधा निकालपत्रकांच्या तपासणीसाठी असते. मे महिन्याच्या सुटीत शिक्षक घरोघर फिरून पुढच्या वर्षीच्या दाखलपात्र मुलांची यादी करतात आणि ज्या घरांना कुलूप असते, त्यांच्यापुढे शेजाऱ्याला विचारून ‘कारखान्यावर’ असे लिहितात.